पदवीला किती वर्षे लागली?

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आम्ही काही विचारवंत नाही. बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा साधा पदवीधर, एवढीच आमची ओळख. तरीही संस्थेने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. तेव्हा कारकुनाला जे जमते, म्हणजे हिशेब, तोच आज आपल्यापुढे मांडावा असे ठरविले. हिशेब कशाचा? तर पदवीला लागणाऱ्या वर्षांचा.

आपल्या वस्तीत लग्नकार्याला गेले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "पोरगा काय करतो?" "शिकतो आहे." "अजून?" हा 'अजून' शब्द फार वाईट आहे. त्याने कितीतरी मुलांना मांडवातून मागच्या मागे घरी जायला लावले आहे. बी.ए. तीन वर्षांचे, बी.कॉम. तीन वर्षांचे, इंजिनिअरिंग चार वर्षांचे. त्यापेक्षा एक वर्ष जास्त लागले की मुलगा वाया गेला, असा आपला सरळ निकाल असतो. या निकालावर फेरविचार व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

प्रथम आपण ज्यांचे नाव घेऊन शिकतो त्यांचाच हिशेब पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. निघताना त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मुंबईला सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा पैसा जोडला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. त्यातही रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परत केला होता. १९१६ ते १९२३, म्हणजे सात वर्षे झाली. कोलंबिया विद्यापीठाची गोष्ट तर याहून लांब. तेथील प्रबंधाचे काम १९१६ चे, तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला १९२५ मध्ये आणि पीएच.डी. पदवी हाती आली १९२७ मध्ये.

मित्रहो, आज आपण त्यांच्या पदव्या मोजतो. त्या पदव्यांच्या मधली रिकामी वर्षे मात्र कोणी मोजत नाही. त्या वर्षांत बुद्धी कमी पडली नव्हती, कमी पडला होता पैसा. आणि खंड पडला तरी परतीचा दरवाजा त्यांनी उघडा ठेवला होता. आजच्या विद्यार्थ्याने ही परवानगीची गोष्ट नीट ध्यानात घ्यावी.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे आणि नागपूर विद्यापीठ १९२३ चे. म्हणजे कॉलेज या शहरात फार पूर्वीपासून होते. पण आपल्या आजोबांच्या पिढीचा रस्ता कॉलेजकडे जात नव्हता, तो मिलच्या भोंग्याकडे जात होता. दीक्षाभूमीवरील डॉ. आंबेडकर महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. १८७७ ची एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. ज्या घरात बापाचा पगार थांबला त्या घरातल्या मोठ्या मुलाचे कॉलेजही बहुधा तिथेच थांबले. तेव्हा 'याला पाच वर्षे का लागली' असे विचारणाऱ्याने घराच्या पगाराचा हिशेबही विचारला पाहिजे.

आम्हाला स्वतःला बी.ए. व्हायला पाच वर्षे लागली. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकानावर काम, असा तो क्रम होता. मध्ये एक वर्ष परीक्षेचा फॉर्मच भरता आला नाही, कारण घरात आजारपण होते. याचे आम्हाला भूषण वाटत नाही आणि लाजही वाटत नाही. आज बँकेच्या खिडकीत बसतो तेव्हा पदवी तीन वर्षांत घेतली की पाच, हे एकाही खातेदाराने विचारलेले नाही.

पण याचा अर्थ उशीर फुकट असतो असा कोणी घेऊ नये. प्रत्येक जादा वर्षाची किंमत असते आणि ती कोणीतरी भरत असते. पुष्कळदा ती बहीण भरते. भावाचे इंजिनिअरिंग लांबले की तिचे बारावीनंतरचे शिक्षण थांबते. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद झाली. त्यावेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांचीही परिषद भरली होती. तेथे बाबासाहेबांनी स्त्रियांना मुलांच्या शिक्षणाबद्दल सांगितले आणि लग्नाची घाई करू नका, असेही बजावले. त्याला ऐंशी वर्षे उलटून गेली. तरी आजही आपल्या कितीतरी मुलींचे बी.ए. दुसऱ्या वर्षाला थांबते, ते मुहूर्तापायी. मुलाचे अडते पैशापायी आणि मुलीचे अडते लग्नापायी. दोघांनाही आपण 'शिक्षण सोडले' असेच म्हणतो. खरे तर त्यांनी सोडले नाही, त्यांचे सुटले.

सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाचे आकडे जाहीर करते. २०२१-२२ च्या पाहणीत अठरा ते तेवीस वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण देशात २८.४ टक्के होते आणि अनुसूचित जातींत २५.९ टक्के. हे अंतर पूर्वीपेक्षा कमी झाले आहे, ही आनंदाचीच गोष्ट. पण हा आकडा दारातून आत आलेल्यांचा आहे. त्यांतले किती जण बाहेर पडताना पदवी घेऊन पडले आणि किती वर्षांनी पडले, ते त्यावरून कळत नाही. अमेरिकेत चार वर्षांची पदवी सहा वर्षांत किती जणांनी पुरी केली, याची मोजणी करतात. तेथेही शंभरांपैकी सुमारे चौसष्टच सहा वर्षांत पुरी करतात. एवढ्या संपन्न देशातही पदवी घड्याळ लावून मिळत नाही. मग आपल्या पोरांनीच मान खाली का घालावी?

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे कामाचे बोलू. एटीकेटी लागली, एखादा पेपर राहिला, म्हणजे सारे संपले असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये सर्वसाधारण नियम सांगितला होता : अभ्यासक्रमाची ठरलेली वर्षे अधिक दोन वर्षे. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला पाच वर्षे आणि अपवादाच्या परिस्थितीत आणखी एक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आयोगाने जो नवा आराखडा दिला, त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळविलेले श्रेयांक ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. ही आमच्या बँकेसारखीच बँक समजा. फरक इतकाच की येथे खाते उघडायला अभ्यास लागतो. मात्र आपल्या अभ्यासक्रमाला कोणता नियम लागू आहे, हे विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्यावे. नाक्यावरच्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

ज्यांना कॉलेजात रोज जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी १९८५ चे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ चे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. दोघांचीही विभागीय केंद्रे नागपुरात आहेत. आमच्या ओळखीच्या एका भगिनीने लग्नामुळे सुटलेले बी.ए. मुलगा दहावीला असताना मुक्त विद्यापीठातून पुरे केले. मायलेक एकाच टेबलावर अभ्यासाला बसत. त्या घरात आता 'अजून?' असे कोणी विचारत नाही.

शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. अभ्यासक्रम वेळेत पुरा झाला नाही तर इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत जास्तीत जास्त दोन वर्षांची वाढ देण्याची सोय आहे. पण त्यासाठी शाखेत येऊन अर्ज द्यावा लागतो. मुले नापास झाली की लाजेने बँकेचा रस्ताच बदलतात. मग व्याज वाढते, हप्ता थकतो आणि जामीनदार बापाला नोटीस जाते. तोंड लपवू नका, खिडकीशी या. नापास झालेल्या विद्यार्थ्याशी बँक बोलू शकते, बेपत्ता झालेल्याशी बोलू शकत नाही.

वयाचाही हिशेब करून पाहा. अठराव्या वर्षी बारावी, तीन वर्षांत पदवी घेतली तर वय एकवीस, पाच वर्षांत घेतली तर तेवीस. बँकेच्या कारकुनी परीक्षेला वयाची मर्यादा अठ्ठावीस, अनुसूचित जातींसाठी तेहतीस. राज्यसेवेला खुल्या वर्गासाठी अडतीस, मागासवर्गीयांसाठी त्रेचाळीस. म्हणजे दोन वर्षे उशिरा आलेल्यासाठी दार बंद नाही. पण पदवीच नसेल तर या दारांपर्यंत पोहोचताच येत नाही. उशिराची पदवी आणि नसलेली पदवी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना थोडे स्पष्ट सांगतो, त्यांनी राग मानू नये. आपण दरवर्षी पहिल्या वर्गात येणाऱ्यांचा सत्कार करतो. तो व्हायलाच हवा. पण पहिला येणारा आपल्या सत्कारावाचूनही पुढे जाणार आहे. ज्याचे दोन पेपर राहिले म्हणून जो आज या सभागृहात आलाच नाही, त्याला आपली खरी गरज आहे. आमची सूचना अशी की संस्थेने एक वही करावी. तीत आपल्या वस्तीतील ज्यांची पदवी अर्धवट राहिली त्यांची नावे, सुटलेले वर्ष आणि राहिलेले विषय लिहावेत. ही वही भिंतीवर लावायची नाही, ती सचिवांच्या कपाटात राहील. निवृत्त शिक्षक आणि आमच्यासारखे नोकरदार यांनी रविवारी दोन तास विहारात बसावे, फॉर्म भरून द्यावेत, गॅप सर्टिफिकेटसाठी लागणारे प्रतिज्ञापत्र कसे करायचे ते सांगावे. परीक्षेची फी कोणाची अडली असेल तर ती वर्गणीतून भरावी. एका परीक्षेची फी आपल्या एका पुष्पहाराच्या खर्चाहून फार मोठी नसते. आणि पुढच्या वर्षीच्या समारंभात, पाच, सात किंवा वीस वर्षांनी का होईना, ज्यांनी पदवी पुरी केली त्यांनाही याच व्यासपीठावर बोलवावे. त्या वहीतले पहिले दहा फॉर्म आम्ही स्वतः बसून भरून देऊ, असा शब्द आज आपल्या सर्वांसमक्ष देतो.

विद्यार्थी मित्रांनो, तीन वर्षांत पुरे करता येत असेल तर तीनच वर्षांत करा. आई-वडिलांच्या घामाचा तो मान आहे. पण नाहीच झाले, तर चौथ्या वर्षी फॉर्म भरा, पाचव्या वर्षी भरा. गाडीला उशीर झाला म्हणून कोणी मध्येच रुळावर उतरत नाही.