ही नाटकं आपल्या वस्तीत लावा



जयंतीले आपण वर्गणी काढतो, डीजे आणतो. रातभर कान फुटतात, सकाळी डोक्यात काय उरते? यंदा नाटक लावा. कोणतं, ते सांगतो.

राजकुमार तांगडे हा जालना जिल्ह्यातला कास्तकार. त्यानं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिलं. २०१२ साली ते रंगमंचावर आलं. दिग्दर्शक नंदू माधव, संगीत शाहीर संभाजी भगतांचं. शिवरायांचं नाव घेऊन दंगली पेटवणाऱ्यांचा बुरखा त्यात हसवता हसवता फाटतो.

त्याच वर्षी पुण्यात महापालिकेच्या सफाई कामगारांनी गो. पु. देशपांड्यांचं ‘सत्यशोधक’ केलं. अतुल पेठेंनी ते बसवलं. झाडू धरणारे हात जोतीबा उभा करतात, तर संत्रा तोडणारे काहून नाही करणार?

एवढं मोठं झेपत नसेल तर प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका घ्या. ती जुनी आहे, पण पाण्याचा प्रश्न जुना झाला काय?

१८५५ साली जोतीबांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. तवा कोण्या कमिटीच्या होकाराची वाट पाहू नका.

शेंदूरजनाघाट हे कलमांचं गाव. जंबेरीच्या खुंटावर आपण संत्र्याचा डोळा बांधतो. तसंच हे नाटक आपल्या वऱ्हाडी बोलीवर बांधा. लेखकाची परवानगी घ्या. बाईची भूमिका बाईलेच द्या. विहारापुढचं आंगण हाच आपला रंगमंच!

जयभीम!