मेथी किती आणि कशी?



टाइप टू मधुमेहाच्या सुरुवातीला अंगात इन्सुलिन कमी नसतं; बरेचदा जास्तच असतं. पण स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी त्याला दाद देत नाहीत. खाण्यातल्या वनस्पतींमुळे पेशी पुन्हा दाद देऊ लागतील का? कारली, दालचिनी, हळद यांची नावं नेहमी निघतात. मी आज फक्त मेथीबद्दल बोलतो, कारण तिची तपासणी आपल्याच देशात नीट झाली आहे.

मेथीच्या दाण्यात जवळजवळ निम्मा चोथा. भिजवला की दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो, तो यातला विरघळणारा चोथा. पोटात त्याचा लगदा होतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पण हे झालं आतड्यातलं काम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला. मधुमेहींना त्यांनी रोज २५ ग्रॅम मेथी १५ दिवस दिली आणि मग ग्लुकोज तोंडावाटे न देता थेट शिरेतून दिलं. आतड्याचा संबंधच तोडला म्हणा ना! तरीही रक्तातली साखर लवकर उतरली, आणि तांबड्या पेशींवरची इन्सुलिनची ग्राहकस्थळं वाढलेली दिसली. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. रुग्ण मोजकेच होते, पण प्रयोगाची ही युक्ती मला फार आवडते.

आता आपल्या घरात काय चालतं? रात्री चमचाभर मेथी भिजत घालायची, सकाळी पाणी प्यायचं आणि दाणे टाकून द्यायचे. चहाच्या चमच्यात जेमतेम चार ग्रॅम मावतात, म्हणजे २५ ग्रॅमला सहा चमचे झाले. शिवाय बहुतेक चोथा राहतो दाण्यातच! दाणे चावून खा, नाहीतर पूड करून कणकेत मळा. कडू लागेल, पण निदान पोटात तरी जाईल.

मेथीच्याच कुळातली गलेगा ही युरोपातली वनस्पती. ती मधुमेहावर चालायची, पण चरणाऱ्या मेंढ्या तिनं दगावत. तिच्यातल्या गलेजीन या द्रव्याचं सौम्य भावंड म्हणजे मेटफॉर्मिन हे औषध. १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींसाठी पुढे आणलं. ती गोळी चालू असेल तर मेथीसाठी बंद करू नका. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी मेथी वाढवायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं. घाम फुटला, हात थरथरले तर साखर फार खाली गेली असू शकते.