चाकू लागला की कॅन्सर पसरतो?

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



बाप्पाच्या मांडवात कॅन्सरवर बोलायचे म्हणजे जरा धाडसच. पण आम्हा डॉक्टरांना रुग्णांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : "डॉक्टरसाहेब, मलम-गोळ्या द्या, पण चाकू लावू नका. चाकू लागला की पसरतो." त्वचेच्या कॅन्सरात या वाक्याने फार नुकसान होते.

गोऱ्या लोकांत हा रोग बहुतेक उन्हामुळे होतो. आपला सावळा वर्ण उन्हापासून बरेच रक्षण करतो, म्हणून आपल्याकडे चेहऱ्याखेरीज इतर जागाही पाहाव्या लागतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये 'धोतराचा कॅन्सर' वैद्यकविश्वापुढे मांडला. वर्षानुवर्षे एकाच जागी धोतर घट्ट आवळले की कमरेची कातडी काळवंडते, चिरते आणि क्वचित तिथे कॅन्सर होतो. परकराच्या नाडीचेही तेच. भाजल्याच्या जुन्या व्रणावरची न भरणारी जखम, तळपायावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग, हेही तितकेच महत्त्वाचे. पंचक्रोशी यात्रेहून आल्यावर पायाचे फोड पाहतो, तेव्हा तळवेही पाहावेत. महिनाभरात न भरलेली जखम दुखत नसली तरी दाखवावी.

आधी लहानसा तुकडा काढून तपासतात, ती बायोप्सी. कॅन्सर ठरला तर गाठीबरोबर भोवतालची काही मिलिमीटर निरोगी दिसणारी कातडीही काढतात, कारण रोग डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढे गेलेला असू शकतो. मेलॅनोमा या काळ्या डागाच्या कॅन्सरात हे अंतर खोलीप्रमाणे बहुधा एक ते दोन सेंटिमीटर असते आणि गरजेप्रमाणे जवळची लसीका ग्रंथीही तपासतात. लहान गाठ तेवढीच जागा बधिर करून निघते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. नाक, पापणी अशा नाजूक जागी 'मोहज' पद्धतीत पातळ थर काढून, सूक्ष्मदर्शकाखाली कडा तपासत पुढे जातात. ही सोय आपल्या देशात मोजक्याच ठिकाणी आहे. खरवडून जाळणे किंवा द्रव नायट्रोजनने गोठवणे हे निवडक, वरवरच्या गाठींसाठीच.

मग 'पसरतो' हा समज आला कुठून? रुग्ण उशिरा येतो. रोग आधीच ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असतो, पण दोष मात्र चाकूवर जातो. दुसरे, कुणी चामखीळ समजून गाठ अर्धवट कापतो, तपासणीला पाठवत नाही, आणि उरलेला रोग पुन्हा वाढतो. पसरतो तो उशिराने आणि अर्धवट कामाने.

दुसरी भीती विद्रूप दिसण्याची. त्यासाठी पुण्याचीच गोष्ट आठवावी. टिपू सुलतानाने इंग्रजी फौजेतल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक कापले होते. विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने मेणाचा साचा घेऊन, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ती हकीकत छापली आणि युरोपातले सर्जन ते शिकले. कॅन्सरमुळे नाक काढावे लागले तर आजही कपाळाचीच कातडी वापरतात. इतर ठिकाणी शेजारची किंवा मांडीची कातडी लावता येते.

शेवटी एवढेच. शरीरावरून काढलेली गाठ कितीही लहान असो, तीन प्रश्न विचारा : तपासणीला पाठवली का? कडा मोकळ्या आल्या का? पुन्हा कधी दाखवायचे? आणि तो रिपोर्ट लग्नपत्रिकेइतकाच जपून ठेवा.

घरी गेल्यावर आजी-आजोबांची कंबर, पाठ आणि तळवे एकदा उजेडात पाहा. संकोच वाटेल, पण विघ्न लहान असतानाच दूर करणे सोपे असते.

गणपती बाप्पा मोरया!