रुग्णसेवा आणि वरिष्ठांची वाणी



फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लूचे निदान झाले. भारतातील ही त्याची पहिलीच नोंद. त्या दिवसांत आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून तापाचे रुग्ण शोधत होते. संकटकाळी गावाला इमारत नव्हे, माणूस तारतो. असा माणूस सेवेत का टिकत नाही, याचा विचार म्हणूनच अगत्याचा आहे.

अपुरे वेतन, निवासाची गैरसोय ही कारणे सर्वपरिचित आहेत. एक कारण मात्र राजीनाम्यात उमटत नाही; तेथे ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिलेले असते. ते म्हणजे वरिष्ठांकडून चारचौघांत होणारा पाणउतारा. अमेरिकन संशोधक बेनेट टेपर यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, वरिष्ठांचे वर्तन अपमानास्पद वाटणारे कर्मचारी नोकरी अधिक प्रमाणात सोडतात. ज्यांना दुसरीकडे जाण्याची सोय नसते, त्यांचे मनःस्वास्थ्य अधिक ढासळते.

खानदेशकन्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपविले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातिवाचक छळ केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. तिघींवर आरोपपत्र दाखल झाले. दोषनिर्णय न्यायालयाचा, परंतु आदिवासी समाजाने मोठ्या कष्टाने घडविलेली एक डॉक्टर कायमची गेली, ही हानी निर्णयाची वाट पाहत नाही.

भीतीची झळ रुग्णालाही पोहोचते. एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अभ्यासात, जेथे प्रमुख ऐकून घेत त्या रुग्णविभागांत औषधांच्या चुका अधिक नोंदल्या गेल्या. चुका अधिक होत म्हणून नव्हे, तर त्या सांगण्याची भीती नव्हती म्हणून, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जेथे दटावणी असते, तेथे चूक झाकली जाते.

सुरतेकडे जाणारी रेल्वे नवापूरहूनच जाते. कुशल परिचारिकेला वाट मोकळी आहे. मावची बोलीत रुग्णाची विचारपूस करणारी परिचारिका गेली, तर जागा भरता येईल. पाड्यावरचा विश्वास मात्र पुन्हा पहिल्यापासून मिळवावा लागेल.

उपाय खर्चिक नाहीत. चूक एकांतात दाखवावी, कौतुक सर्वांसमक्ष करावे. तक्रार ज्याच्याविरुद्ध असेल, त्याच्याकडेच ती जाऊ नये. सेवा सोडणाऱ्याचे मनोगत विश्वस्तांनी स्वतः ऐकावे. रुग्णालय चालविणाऱ्यांनी नव्या यंत्रांचा हिशेब ठेवावाच. पण वर्षभरात किती माणसे गेली आणि कोणाच्या हाताखालून गेली, हाही हिशेब मांडावा.