समुद्राच्या घड्याळावर चालणारी वाट
(अलिबाग-कुलाबा ते रेवदंडा या पदयात्रेविषयी केलेले भाषण)

अलिबागच्या पुळणीवर उभे राहिले म्हणजे समोर समुद्रात कुलाब्याचा जलदुर्ग दिसतो. भरतीच्या वेळी तो चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेले बेट असतो. ओहोटीला पाणी उतरले की त्याच बेटापर्यंत पायी जाता येते. ही वाट कोणी बांधलेली नाही आणि ती नकाशावर आखून ठेवता येत नाही. दिवसातून दोनदा ती उघडते व दोनदा मिटते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पदभ्रमणास योग्य अशी स्थळे पुष्कळ आहेत. परंतु पावले टाकण्यापूर्वी समुद्राची अनुमती घ्यावी लागते, असे हे स्थळ विरळाच.

ही अनुमती ओळखण्याची रीत कोकणातील कोळी-आगरी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारी संख्या ही पूर्ण भरतीची ढोबळ वेळ होय. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सुमारे सहा वाजता भरती पूर्ण होते. त्यात सहा तास मिळविले म्हणजे ओहोटीची वेळ निघते. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे शास्त्रीय सत्यच या साध्या हिशेबात सामावलेले आहे. मात्र केवळ वेळ कळून भागत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग असल्यामुळे ओहोटीलाही पाणी पुरेसे हटत नाही. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच दूरही ओसरते. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस पायी जाणाऱ्यास विशेष सोयीचे. त्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान पाणी पूर्ण उतरते. पाणी उतरत असतानाच निघावे आणि ते फिरताच परतीला लागावे, हा जाणत्यांचा दंडक आहे. पावसाळ्यात तर हा हिशेबही पुरेसा ठरत नाही. त्या दिवसांत या वाटेला न जाणेच इष्ट.

किल्ल्याच्या बांधकामास शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये, प्रारंभ झाला आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पूर्णत्वास गेले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे केलेली मोहीम या तटापुढे निष्फळ ठरली. तटातील प्रचंड दगड चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी सांध्यांत शिरते आणि तिचा जोर तेथेच विरतो. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गोड्या पाण्याचा साठाही आहे. समुद्राशी झुंज न घेता त्याच्या स्वभावास वाव देऊन टिकून राहावे, ही शिकवण तो तट मूकपणे देत असतो.

किनाऱ्यावर परतल्यानंतर गावातील भूचुंबकीय वेधशाळेचा इतिहास आठवावा. मुंबईच्या कुलाब्यात पूर्वी हे निरीक्षण होत असे. तेथे विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच सूक्ष्म उपकरणांच्या नोंदी बिघडू नयेत म्हणून ते काम येथे हलविण्यात आले आणि १९०४ पासून अलिबाग येथे सुरू झाले. येथून दक्षिणेस साखरची खाडी पुलावरून ओलांडली की आक्षी लागते. आक्षीच्या शिलालेखाचा काल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला गेला असून मराठी भाषेच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. त्यावर महालक्ष्मीच्या बोडणासाठी दिलेल्या धान्याची नोंद आहे. रोजच्या वापरातील एका गावाने हजार वर्षांपूर्वीचा आपल्या भाषेचा शब्द जपावा, याहून मोठे वैभव कोणते?

आक्षीहून पुढे सुरूच्या बनाकाठाने नागाव आणि चौलकडे जाताना उजवीकडे समुद्र व डावीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या अशी जोडी वाटसरूला साथ देते. या वाड्यांचे जीवन वाळूखालील गोड्या पाण्याच्या थरावर अवलंबून आहे. पूर्वी रहाटाने बेताने पाणी उपसले जाई. यंत्राने बेसुमार उपसा झाला तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर कायमची मचूळ होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या पट्ट्यातील असंख्य झाडे आडवी झाली. पोफळ उभी राहण्यास वर्षे लागतात, ती कोसळण्यास एक दुपार पुरते.

अलिबागहून सुमारे १७ किलोमीटरवर कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा येते. पोर्तुगिजांच्या तटबंदीचे अवशेष तेथे माडांच्या सावलीत उभे आहेत. १७४० मध्ये त्यांची सत्ता येथून गेली. परंतु खाडीपलीकडील कोर्लई गावात पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली अद्याप घराघरांतून ऐकू येते. राज्ये ओसरली तरी माणसांची बोली मागे राहते, असा अनुभव घेऊन ही पदयात्रा येथे पूर्ण होते.

या वाटेचे सौंदर्य सांगताना एक गोष्ट विसरता येणार नाही. किल्ल्यात रमलेला प्रवासी मागे वळून पाहतो तो वाट पाण्याखाली गेलेली असते. भरती केवळ समोरून येत नाही. सखल जागा शोधत ती बाजूंनीही शिरते आणि कोरडी दिसणारी पुळण मध्येच बेट होऊन राहते. अशा वेळी घाईने पाण्यात उतरणे म्हणजे प्राण पणास लावणे होय. तटाच्या आत थांबून होडीची किंवा पुढच्या ओहोटीची वाट पाहणे, हाच शहाणपणाचा मार्ग. दुर्दैवाने ज्या ज्ञानाने हा धोका टळतो, ते शेजारच्या कोळीवाड्यात असते आणि पाहुण्यापर्यंत पोचत नाही.

येथेच ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य सुरू होते. किनाऱ्याकडे जाणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला एक फळा लावण्यास फारसा खर्च येत नाही. तो दररोज लिहिण्याचे काम शाळेतील मुलांनी केले तर पाऊणपटीचा हिशेब गणिताच्या तासात शिकता येईल आणि वडीलधाऱ्या नाखवांनी सांगितलेल्या खुणा वहीत उतरतील. किनाऱ्याकडील सार्वजनिक पायवाटा कुंपणाआड जाऊ नयेत, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरविल्यास पुढील पिढीलाही ही वाट मोकळी राहील.

समुद्र आपले वेळापत्रक कोणासाठी बदलत नाही. ते वाचण्याची विद्या मात्र गावातच आहे. ती फळ्यावर आली तर पाहुणा सुखरूप परतेल आणि गावालाही आपल्या ज्ञानाचे मोल नव्याने उमगेल.