न कळणाऱ्या सिनेमाची ओढ

कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ हा हिंदी चित्रपट तयार झाला 1988 मध्ये आणि चित्रपटगृहात लागला 17 जानेवारी 2014 रोजी. मधली पंचवीस वर्षे त्याला तगवले ते संग्राहकांनी. एका व्हीएचएस कॅसेटवरून दुसरी उतरवायची, दुसरीवरून तिसरी. दर खेपेला चित्र आणखी पुसट व्हायचे, आवाज आणखी घोगरा. तरी सिनेमाचे विद्यार्थी त्या कॅसेटसाठी धडपडत.

एवढे काय होते त्यात? अजमेर-पुष्करकडचा ओम नावाचा मुलगा, श्वास रोखून धरण्यात पटाईत. वडील ज्योतिषी. बेडकांच्या पोटात हिरे! पुराणकथा, विज्ञान, जाहिराती, गाणी यांची अशी सरमिसळ की पुन्हा पाहताना वेगळेच धागे जुळतात. एका बैठकीत संपणारा चित्रपट कोण कशाला जपून ठेवील?

अशा सिनेमाचे मराठीतले ठळक उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांच्या नाटकावरचा ‘घाशीराम कोतवाल’. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि हेच कमल स्वरूप यांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने तो 1976 मध्ये केला. नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी. पुरींच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. लांबच लांब शॉटमध्ये कॅमेरा माणसांच्या घोळक्यातून फिरत राहतो, कुणाकडे पाहायचे ते प्रेक्षकाने ठरवायचे. पुण्याची ही गोष्ट, पण चित्रपटाची प्रत जपली बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ संस्थेने. याची खंत वाटायलाच हवी.

असा सिनेमा शहरातल्या जाणकारांसाठीच, हा समज मात्र खोटा आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी कर्नाटकातल्या हेग्गोडू गावात ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’ यांसारखे चित्रपट नेले. शेतकऱ्यांनी ते मन लावून पाहिले. एका अभंगावर दोन-दोन तास निरूपण ऐकणाऱ्या बुलढाण्याच्या श्रोत्याला हा धीर नवा नाही. असा चित्रपट पहिल्यांदा पाहताना अर्थाच्या मागे लागू नये. थोडा वेळ डोळे मिटून नुसता आवाज ऐकावा. शॉट कुठे तुटतो, चौकटीबाहेर कोण राहिले, तेही पाहावे.

आणि एक विनंती. खामगाव, मलकापूर, मेहकरकडे कुणाच्या घरी टुरिंग टॉकीजच्या काळातले फिल्मचे डबे पडून असतील, तर ते भंगारात घालू नका. फिल्ममधल्या चांदीसाठी कितीतरी जुने चित्रपट वितळवले गेले. डब्यावरचे नाव वाचा, उन्हापासून तो दूर ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.