आपल्या कपाटातली जपानी बेस गिटार

(मागील वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या जागी नागपूरहून किंवा बालाघाटहून कोणी अभ्यासू पाहुणे येतात, आणि आम्ही खाली बसून ऐकतो. यंदा कार्यकारिणीने आम्हा तिघांनाच उभे केले आहे. आमच्यापैकी एक निवृत्त विज्ञान शिक्षक, एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा आणि एक आयुष्यभर हिशेब लिहिलेला. गिटार तिघांपैकी एकालाही वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. सभागृहाचे पत्रे बदलायचे म्हणून मागची खोली रिकामी केली, तेव्हा जुन्या पडद्यांखाली एक लांबट लाकडी पेटी निघाली. आत चार तारांची गिटार. तरुण मंडळींना नवल वाटले, पण पन्नाशीच्या पुढच्यांनी ती लगेच ओळखली. आपल्या उत्सवात ऑर्केस्ट्रा व्हायचा आणि तो ऐकायला तिरोडीच्या खाणीवरची, वारासिवनीची, तुमसरकडची माणसे यायची. छोट्या लाईनच्या गाडीने येऊन रात्र मंडपातच काढणारेही होते. त्या ऑर्केस्ट्रात ही गिटार मास्तर वाजवत. मास्तर आता नाहीत.

मग तीन मते निघाली. एका दुकानदाराने साडेतीन हजार रुपये देऊ केले. आपल्या एका तरुण सभासदाने मोबाईलवर जपानी बेस गिटार दीड लाखाला लावलेली दाखवली. आणि मास्तरांच्या कन्येने नागपूरहून फोन करून सांगितले की ती बाबांची आहे, मंडळाची नव्हे. सभेत तासभर आवाज चढले. शेवटी ‘तुम्ही तिघे बघा आणि सांगा’ असे ठरले. ते आज सांगतो.

आधी वस्तूविषयी. बेस गिटार म्हणजे नेहमीच्या गिटारीच्या एक सप्तक खाली वाजणारे वाद्य. हिची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ कंपने करते. ऐकणाऱ्याचे लक्ष तिच्याकडे जात नाही, पण ती थांबली की गाणे पोकळ वाटते. पूर्वी हे काम माणसाएवढे उंच, उभे धरायचे बेस व्हायोलिन करायचे. ते बैलगाडीतच न्यावे लागेल असे प्रकरण. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवायची, पडदे असलेली विजेची बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून तिचे नाव प्रिसिजन. आपल्याकडे सिनेमाच्या संगीतातून ती कानी पडली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. ती गाणी गावोगावच्या ऑर्केस्ट्रांना वाजवायची, मग बेस हवाच.

जपानचा संबंध असा. १९६० नंतरच्या दशकात व्हेंचर्स नावाच्या अमेरिकन चमूच्या दौऱ्यांनी जपानी पोरे विजेच्या गिटारीमागे वेडी झाली. त्या वाद्यांना तिथे ‘एलेकी’च म्हणू लागले. कारखाने भराभर निघाले आणि अमेरिकेला निर्यात सुरू झाली. लाकूडकाम करणारे या धंद्यात शिरले. मात्सुमोतो गावातला मात्सुमोकू हा कारखाना आधी सिंगर शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनवायचा. यामाहाची सुरुवात १८८७ सालच्या बाजाच्या पेटीपासून झाली. आपल्या गावात आरएक्स १०० मोटारसायकल ज्यांनी चालवली त्यांनी टाकीवरचे चिन्ह आठवावे. ते तीन स्वरकाटे आहेत, एकमेकांवर आडवे ठेवलेले.

थोडे विषयांतर करतो, पण गणपतीपुढे हे सांगितलेच पाहिजे. मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो, बटणे दाबून वाजवतात तो, त्याचे मूळही जपानीच. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणे तारांवर बसवली. त्याच वर्षी तिकडे ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचे नाव ताइशोगोतो. ते जहाजातून इकडे आले, त्याचे बुलबुलतरंग झाले, बेंजो झाले, आणि पुढे त्यालाही पिकअप लावून भोंग्यातून वाजवू लागले. अमेरिकन बॅन्जोशी त्याचे नाव सोडून काही नाते नाही. तेव्हा कपाटातल्या जपानी पाहुणीला परकी म्हणण्यात अर्थ नाही.

आता ओळख. पहिली अडचण म्हणजे आपल्या गिटारीच्या माथ्यावर नाव नाही. दोन बारीक भोके आहेत, म्हणजे तिथे धातूची पट्टी होती, ती पडली. पण नाव असते तरी फार बिघडले नसते, कारण या वाद्यांत नाव एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचा, असाच रिवाज. मात्सुमोकूने आरिया, युनिव्हॉक्स, वेस्टोन अशा नावांची वाद्ये केली. फुजिजेनने ग्रेको केली, आयबानेझ केली आणि १९८२ पासून जपानी फेंडरही केली. आयबानेझ हे नाव तर मुळात स्पेनमधल्या गिटार बनवणाऱ्याचे. नागोयाच्या होशिनो कंपनीने आधी त्याच्या गिटारी मागवल्या आणि पुढे नावच घेतले. म्हणून नावावर भाळू नये, वस्तू उघडून बघावी.

उघडण्याआधी मोजावी. वरच्या हाडापासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि दुप्पट करायचे. आपले भरले सव्वापंधरा इंच, सुताराच्या भाषेत पंधरा इंच दोन सूत. म्हणजे तारेची लांबी साडेतीस इंच. पूर्ण मापाची बेस चौतीस इंचांची असते. ही आखूड मापाची आहे, आणि १९६० च्या दशकातल्या स्वस्त जपानी बेस बहुधा अशाच असत.

मागे, मान जिथे धडाला जोडली आहे तिथे, चार स्क्रूंची पोलादी पट्टी आहे. तिच्यावर कोरले आहे ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ आणि खाली ‘मेड इन जपान’. हे वाचून एक सभासद म्हणाले, झाले, ओळख पटली. इतके सोपे नाही. हेच शब्द कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या गिटारींवर आहेत. शिवाय पट्टी चार स्क्रूंची, काढून दुसरीवर बसवता येते. म्हणून भोके तिच्याखालचीच आहेत का, रंगावर तिचाच ठसा उमटला आहे का, हे बघावे लागते. आपल्या गिटारीवर तो ठसा बरोबर जुळला. या शब्दांचा अर्थही लक्षात घ्या. मानेत पोलादी सळई आहे, पण ती बहुधा पिळून सरळ करता येण्यासारखी नसते. मान वाकली तर सहजी उपाय नाही.

म्हणून सर्वांत आधी मान बघावी. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि मधल्या पडद्यावर किती फट राहते ते पाहायचे. पोस्टकार्डाइतकी राहिली तर उत्तम. आपली त्याहून थोडी जास्त आहे. इतके उन्हाळे पत्र्याखाली काढून एवढेच वाकणे हे नशीबच. लाकूड मात्र आटले आहे, पडद्यांची टोके कडेला बाहेर आली आहेत, हात फिरवला की टोचतात.

स्क्रू काढताना एक धडा मिळाला. साधा फुलीचा पेचकस बसेना, घसरून खाच खाऊ लागला. आम्ही थांबलो. जपानी फुलीची खाच जराशी वेगळी असते. चौकातल्या मोटारसायकल मिस्त्रीकडे जपानी गाड्यांसाठीचा पेचकस होता, तो चपखल बसला. घरी कोणाकडे असे जुने वाद्य असेल तर एवढे लक्षात ठेवा. जबरदस्तीने चुरडलेला स्क्रू पुढच्या गिऱ्हाईकाला लगेच दिसतो.

मान काढल्यावर खाली धडाचे लाकूड उघडे दिसते. आपले धड प्लायवूडचे आहे, थरावर थर स्पष्ट मोजता येतात. चांगल्या प्रतीच्या वाद्याला एकसंध लाकूड असते. मानेच्या बुडाला कधी पेन्सिलीने किंवा शिक्क्याने तारीख असते. आपल्या गिटारीला काही नाही. क्रमांकही नाही. नंतरच्या काळातल्या काही वाद्यांचा क्रमांक बोलका असतो. १९७५ नंतरच्या दहाएक वर्षांतल्या आयबानेझवर पहिले अक्षर महिन्याचे आणि पुढचे दोन आकडे सालाचे. १९८२ ते १९८४ च्या जपानी फेंडरवर ‘जेव्ही’ अक्षरे. मोबाईलवर दिसलेली दीड लाखाची गिटार त्या पुढच्या पिढीतली. आपली त्या घराण्यातली नव्हे.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा आहे. जपानी, निर्यातीसाठी केलेली, हलक्या किमतीची, १९६० च्या दशकाचा शेवट ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. कारखान्याचे नाव आम्ही लिहीत नाही. विकताना एखादे मोठे नाव ठोकून द्यावे असे एकाने सुचवले, ते आम्ही कानाआड केले.

विजेचे काम आमच्या रेडिओवाल्या सहकाऱ्याने पाहिले. पिकअप दोन. मीटर लावल्यावर मानेजवळच्याचा रोध साडेसहा किलो ओहम आला, तो जिवंत आहे. घोडीजवळचा अनंत दाखवतो, म्हणजे आत तार तुटली. ती तार केसाहून बारीक, पंख्याची मोटर भरणाऱ्याच्या हातची नव्हे. आत दोन जोड नंतर कोणीतरी डाख देऊन केलेले आहेत. बहुधा मास्तरांनीच. (याच निमित्ताने सांगतो, गिटारीला स्वतःची वीज लागत नाही, पण जपानहून कोणी अॅम्प्लिफायर किंवा कीबोर्ड आणला तर तिकडची घरगुती वीज १०० व्होल्टची असते. आमच्यातल्या एकाने असा एक अडॅप्टर आपल्या २३० वर लावून धूर काढला आहे.)

आता किंमत. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतजमिनीचे व्यवहार केलेल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. दीड लाखाची ती गिटार किती महिने लागून राहिली आहे ते कोणी पाहिले नाही. बघायचे ते प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांचे भाव. जाहिरातींत आणखी एक शब्द भेटतो, ‘लॉसूट’. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने होशिनोच्या अमेरिकेतल्या शाखेवर खटला भरला, आणि तोही गिटारीच्या माथ्याच्या आकारावरून. त्या एका खटल्याचे नाव आज कुठल्याही जुन्या जपानी गिटारीला चिकटवून भाव वाढवतात. आपल्या गिटारीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

भाव कमी होतो तो बहुतेक वेळा प्रेमाने केलेल्या सुधारणांमुळे. घासून नवा रंग दिला, खुंट्या चकचकीत नव्या बसवल्या, की जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतो. आपल्या गिटारीचा लाल-काळा रंग मूळचा आहे, तडकला आहे, तसाच राहू द्यावा. मेलेला पिकअप बदलला तरी जुना फेकू नये, पेटीत ठेवावा. तारा घेताना आखूड मापाच्याच मागवाव्यात. लांब तार जाड भागात कापली तर तिचे वेष्टण सुटू शकते.

आमच्या अंदाजाने आहे त्या स्थितीत हिचे दहा ते बारा हजार यावेत. पिकअप भरून, पडद्यांची टोके घासून, वाजती केली तर अठरा-वीस हजार. साडेतीन हजार ही लूट होती आणि दीड लाख हे स्वप्न. पत्र्यांचा अंदाजपत्रकी खर्च आपणास माहीत आहे. गिटार विकून त्यातला एक कोपरा झाकला जाईल.

इथपर्यंत आम्ही खुशीत होतो. मग हिशेबनीस सहकाऱ्याने जुन्या खतावण्या काढल्या. १९८४ च्या पानावर नोंद सापडली. बेस गिटार, जुनी, जपानी, बाराशे रुपये. त्यापुढे लिहिले आहे, मंडळ सहाशे, मास्तर सहाशे, मास्तरांचे पुढील वर्षीच्या वर्गणीतून देणे. पुढच्या वर्षीच्या पानावर ही रक्कम ‘देणे बाकी’त आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही आहे. १९८८ च्या पानावर ती दिसत नाही, आणि दिल्याची नोंद कुठेच नाही. खतावणी बदलली, नवे हस्ताक्षर आले, आणि बाकी पुढे ओढायची राहून गेली. मास्तरांनी कधी विचारले नाही. ज्यांच्या हाती तेव्हा कारभार होता त्यांच्यापैकी दोघे आज या सभागृहात बसले आहेत. आम्ही त्यांना भेटलो. त्यांनाही आठवत नाही, आणि त्यांनी तसे सरळ सांगितले.

ताईंना आम्ही फोन केला. आम्हाला वाटले होते त्या रागावतील. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, आई म्हणायची की त्या वर्षीची दिवाळी आमची साधी झाली, त्याचे कारण आज कळले.

त्या काळात शाळेच्या पगारातून सहाशे रुपये काय होते, हे आमच्यातल्या शिक्षकाला चांगले ठाऊक आहे.

तेव्हा आमची सूचना अशी की, ही गिटार निम्मी मास्तरांच्या घरची आहे असा ठराव व्हावा, आणि ताईंच्या होकाराशिवाय ती विकू नये. सहाशेची बाकी कशी फेडायची, आजच्या भावाने किती धरायची, हे कार्यकारिणीने ठरवावे. व्याज लावू नये असे ताईंनी स्वतःहून सांगितले आहे, पण ते ऐकायचे की नाही हा आपला प्रश्न. दुरुस्ती करायची झाल्यास मानेजवळचा एक पिकअप चालू आहे, तेवढ्यावरही ती वाजते. काल संध्याकाळी आम्ही मंडळाच्या अॅम्प्लिफायरला लावून जाड तार छेडली. तारा गंजल्या आहेत, सूर उतरलेला होता, पण मागच्या भिंतीवरच्या तसबिरी थरथरल्या.

ताई गौरी जेवणाच्या दिवशी कटंगीला येणार आहेत. ठराव त्याच संध्याकाळी मांडू. तोवर गिटार मूर्तीच्या डाव्या हाताला टेबलावर ठेवली आहे, शेजारी १९८४ ची खतावणी उघडी आहे. बघून घ्या, हात लावायलाही हरकत नाही. फक्त खुंट्या फिरवू नका, आणि मुलांना पडद्यांच्या कडेवरून बोट फिरवू देऊ नका, टोचते.